संत इग्नेशियस लोयोला : आत्मसंयम आणि शिष्यत्व

३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. येशूसंघाचे संस्थापक आणि तपसाधनांचे आश्रयदाते संत म्हणून ख्रिस्तसभा त्यांना मान देते. ते पूर्वायुष्यात शिपाईगडी होते हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. त्यामुळे त्यांच्या जीवनातील कडक शिस्त ही रणांगणावरूनच आली असावी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु त्यांचे चरित्र बारकाईने वाचले तर वेगळेच चित्र समोर येते. निश्चय, धाडस आणि देहदंड सोसण्याची तयारी हे गुण त्यांच्यापाशी तरुणपणापासून विपुल होते. त्यांना जे शिकावे लागले ते निराळे होते. आपल्या शिस्तीलाही कोणीतरी वळण लावावे लागते, मार्गदर्शकावाचून केलेला संयम माणसाला देवापासून दूरही नेऊ शकतो आणि शिकवण्याआधी शिकायला बसावे लागते, हे धडे त्यांनी फार मोठी किंमत देऊन गिरवले. आपल्या ख्रिस्ती जीवनाला आत्मसंयम आणि सुज्ञ शिकवण या दोहोंची गरज का आहे, हे समजून घेण्यासाठी या संताच्या जीवनाकडे आपण वळू या.

लोयोलाच्या वाड्यातील धाकटा मुलगा

स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रांतात, आस्पेतिया गावाजवळच्या लोयोला येथील वाड्यात १४९१ साली त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्याचे नाव इनिगो. भावंडांत ते सर्वांत धाकटे. आईचे छत्र लहानपणीच हरपले. कुमारवयात त्यांना आरेव्हालो येथे राज्याच्या खजिनदाराच्या घरी धाडण्यात आले. दरबारी रीतीभाती, शस्त्रविद्या, सुंदर हस्ताक्षर, नृत्य आणि शूर सरदारांच्या प्रेमकथा या वातावरणात ते वाढले. श्रद्धा होती, पण ती जीवनाला वळण लावील इतकी खोल नव्हती. आपल्या तरुणपणाविषयी पुढे बोलताना, जगाच्या पोकळ मानमरातबामागे आपण धावत होतो अशी कबुली त्यांनी निःसंकोचपणे दिली आहे.

पुढे ते नाव्हार प्रांताच्या व्हाइसरॉयच्या पदरी राहिले. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथील किल्ल्यावर फ्रेंच सैन्याने हल्ला चढवला. किल्ला टिकणे अशक्य असल्याचे इतरांचे मत होते. इनिगो यांनी मात्र लढण्याचा आग्रह धरला. तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला आणि डाव्या पायालाही जखम झाली. ते पडले आणि किल्लाही पडला. विजयी फ्रेंचांनी त्यांना सौजन्याने वागवले आणि पालखीसारख्या डोलीतून त्यांच्या घरी पोहोचवले.

घरी आल्यावर चुकीचे बसलेले हाड पुन्हा मोडून बसवावे लागले. मरण समोर दिसू लागल्याने त्यांना अखेरचे संस्कार देण्यात आले. संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाच्या आदल्या रात्रीपासून त्यांना उतार पडला. तथापि गुडघ्याखाली हाडाचा एक तुकडा वर आलेला राहिला. दरबारी तंग बूट घातल्यावर तो विद्रूप दिसेल म्हणून त्यांनी तो करवतीने कापून घेतला. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. मुठी आवळण्यापलीकडे त्यांनी वेदनेची खूण दाखवली नाही. येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. एवढी सहनशक्ती, एवढे मनावरचे नियंत्रण, पण कशासाठी? तर पाय सुबक दिसावा यासाठी! आत्मसंयम हा स्वतःहून सद्गुण ठरत नाही. तो कोणाच्या सेवेला जुंपला आहे यावर त्याचे मोल ठरते.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी शूरवीरांच्या कथा वाचायला मागितल्या. घरात तसे एकही पुस्तक सापडले नाही. मिळाली ती दोनच : सॅक्सनीचे लुडोल्फ यांनी लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रांचा एक संग्रह. वाचन चालू असताना त्यांच्या मनात दोन प्रकारची स्वप्ने आलटून पालटून येऊ लागली. कधी एखाद्या उच्चकुलीन स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची, तर कधी असिसीचे संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्याप्रमाणे जगण्याची. दोन्ही स्वप्ने तेवढ्यापुरती गोड वाटत. मात्र पहिल्या प्रकारचे स्वप्न ओसरल्यावर मन कोरडे आणि असमाधानी होई. दुसऱ्या प्रकारचे ओसरल्यावरही आनंद टिकून राही. हा फरक त्यांच्या ध्यानात आला आणि आपल्या अंतःकरणात कोणता आत्मा बोलत आहे हे पारखण्याची त्यांची पहिली इयत्ता तेथे सुरू झाली.

मानरेसा : शिस्तीचा अतिरेक

१५२२ सालच्या आरंभी ते घर सोडून निघाले. मॉन्सेरातच्या बेनेडिक्टाईन मठात त्यांनी तीन दिवस घेऊन संपूर्ण आयुष्याचे लेखी पापनिवेदन केले. २४ मार्चची रात्र त्यांनी पवित्र मरियेच्या वेदीपुढे जागून काढली. तलवार आणि खंजीर त्यांनी तेथेच ठेवले, भारी वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली आणि गोणपाटासारखा जाडाभरडा झगा अंगावर चढवला. पुढे वाटेत त्यांना समजले की ती वस्त्रे चोरीची असावीत या संशयावरून त्या बिचाऱ्या भिकाऱ्याला पकडण्यात आले आहे. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले. चांगल्या हेतूने पण पुढचा विचार न करता केलेली कृती दुसऱ्याला किती महागात पडू शकते, याचा हा पहिला अनुभव होता.

तेथून जवळच असलेल्या मानरेसा या गावी ते थोडेच दिवस राहणार होते. प्रत्यक्षात सुमारे अकरा महिने राहिले. दररोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना, भिक्षा मागून मिळेल ते अन्न, मांसाहार वर्ज्य, देहदंड, अपुरी झोप असा त्यांचा क्रम होता. पूर्वी केसांची फार निगा राखीत असत, म्हणून आता केस आणि नखे त्यांनी तशीच वाढू दिली. संतचरित्रांत वाचलेल्या तपश्चर्येची ते जणू बरोबरी करू पाहत होते. किंबहुना त्या संतांच्याही पुढे जाऊ पाहत होते. रणांगणावरचा ईर्षाळू सरदार अजून जिवंत होता. केवळ रणांगण बदलले होते.

काही महिने मन प्रसन्न राहिले. मग एकाएकी अंधार दाटून आला. आपण पापनिवेदनात काही सांगायचे विसरलो तर नाही ना, ही शंका त्यांना पोखरू लागली. ते पुन्हा पुन्हा पापनिवेदन करीत, पण समाधान मिळत नसे. एक शंका फिटली की दुसरी उभी राही. डॉमिनिकन मठातील ज्या खोलीत ते राहत होते तेथील एका भगदाडातून स्वतःला झोकून द्यावे, असा विचार त्यांच्या मनाला वारंवार ग्रासू लागला. तसे करणे हा देवाचा अपराध ठरेल, एवढ्या एका धाग्यावर ते तग धरून राहिले.

यावर त्यांनी स्वतःच एक उपाय योजला. देव आपल्याला शांती देईपर्यंत अन्नपाण्याला स्पर्श करायचा नाही असा निश्चय करून त्यांनी एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत कडकडीत उपवास केला. आठवडाभरानंतर पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना त्यांनी हे सांगितले, तेव्हा त्यांनी उपवास तत्काळ सोडण्याची आज्ञा केली. इनिगो यांना अंगात अजून बळ असल्यासारखे वाटत होते. तरीही त्यांनी ती आज्ञा पाळली आणि अन्न घेतले. दोन दिवस मन शांत राहिले. मग शंकांनी पुन्हा उचल खाल्ली.

मात्र आता त्यांनी अधिक कठोर तप आरंभले नाही. लोयोला येथे शिकलेली पारख त्यांनी या शंकांनाही लावून पाहिली. हे विचार कोठून येतात आणि शेवटी कोठे नेतात? ते तर प्रार्थनेचा वीट आणतात, निराशेच्या काठावर नेऊन सोडतात आणि देवाने आरंभलेले नवे जीवन टाकून द्यायला सांगतात. मग पश्चात्तापाचे रूप घेऊन आलेली ही वाणी देवाची नव्हे, हे त्यांना उमगले. एकदा सांगितलेली पापे पुन्हा सांगायची नाहीत असे त्यांनी ठरवले आणि ते मुक्त झाले. देवाच्या दयेनेच आपण सुटलो, असे ते पुढे म्हणत असत.

यानंतर त्यांचे राहणीमान बदलले. त्यांनी केस व नखे कापली. मांसाहार पुन्हा सुरू करण्याची प्रेरणा झाली, तेव्हाही तो मोह तर नाही ना याची शहानिशा करण्यास त्यांच्या मार्गदर्शक धर्मगुरूंनी सांगितले आणि त्यांनी ती केली. रात्री झोपायच्या वेळी अध्यात्माचे मोठमोठे विचार मनात येऊन झोप उडत असे. झोपेचा हा वेळ देवानेच विश्रांतीसाठी दिला आहे, असे समजून त्यांनी ते विचार बाजूला सारले आणि ते झोपू लागले. शाळामास्तर लहान मुलाला शिकवतो तसे देवाने आपल्याला त्या दिवसांत शिकवले, असे त्यांनी नंतर आपल्या आठवणींत नमूद केले आहे. कार्दोनेर नदीकाठी बसले असता त्यांच्या बुद्धीला जो लख्ख प्रकाश मिळाला, तोही याच काळातला. मानरेसाच्या अतिरेकाने त्यांच्या पोटाची मात्र कायमची हानी झाली. उरलेले सारे आयुष्य ते पोटदुखीने हैराण होत राहिले.

यरुशलेममध्ये मिळालेला नकार

१५२३ सालच्या सप्टेंबर महिन्यात ते पवित्र भूमीत पोहोचले. आयुष्यभर तेथेच राहून लोकांचे आध्यात्मिक साहाय्य करावे, हा त्यांचा दृढ संकल्प होता. पवित्र स्थळांची राखण करणाऱ्या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी मात्र त्यांना परत जाण्यास सांगितले. तेथे राहणाऱ्या यात्रेकरूंना कैद होत असे, त्यांची हत्याही होत असे आणि कैद्यांना सोडवण्याचा भार संघावर पडत असे. इनिगो यांनी आपल्या संकल्पाचा हवाला दिला. तेव्हा, आज्ञा न मानणाऱ्याला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्याचा अधिकार परमगुरूंनी आपल्याला दिला आहे, असे त्या अधिकाऱ्यांनी सांगितले. इनिगो यांनी तो अधिकारपत्राचा कागद पाहण्याचीही मागणी केली नाही. देवाची इच्छा आपण राहावे अशी नाही, एवढे त्यांनी त्यातून ओळखले.

जाण्यापूर्वी ते कोणालाही न सांगता जैतुनाच्या डोंगरावर एकटेच गेले. पहारेकऱ्यांना त्यांनी आपली चाकू-कात्री देऊन टाकली आणि प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या जागी असलेल्या पाऊलखुणांची दिशा नीट पाहून घेतली. असे हे भोळे आणि उत्कट मन! पण याच मनाने आपला सर्वांत आवडता बेत एका आज्ञेसरशी सोडून दिला. मानरेसा येथील सात तासांच्या प्रार्थनेपेक्षा हा संयम अधिक कठीण होता असे आम्हाला वाटते. ते तप त्यांनी स्वतः निवडले होते. हा नकार त्यांनी निवडलेला नव्हता.

तेहतीस वर्षांचा विद्यार्थी

आता काय करावे? लोकांना साहाय्य करायचे तर आधी शिकले पाहिजे, या निष्कर्षाला ते आले. १५२४ साली ते बार्सिलोना येथे परतले आणि आर्देव्होल नावाच्या शिक्षकांकडे लॅटिन व्याकरण शिकू लागले. वय तेहतीस, बरोबरचे विद्यार्थी कोवळ्या वयाचे. ज्याने किल्ला लढवला, ज्याला उच्च आध्यात्मिक अनुभव लाभले, तो शब्दांची आणि क्रियापदांची रूपे घोकू लागला.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. व्याकरण पाठ करायला बसले की त्यांना नवनवे आध्यात्मिक विचार सुचू लागत, प्रार्थनेचा गोडवा दाटून येई आणि अभ्यास तसाच राही. प्रत्यक्ष प्रार्थनेच्या किंवा मिस्साच्या वेळी मात्र असे काही होत नसे. हे भक्तीचे रूप घेतलेले विघ्न आहे, हे त्यांनी ताडले. ते आपल्या शिक्षकांना सान्ता मारिया देल मार या चर्चमध्ये घेऊन गेले आणि त्यांच्यापुढे सर्व उघड केले. पोटापुरते भाकरीपाणी मिळत आहे तोवर पुढील दोन वर्षे आपण एकही पाठ चुकवणार नाही, असे वचन त्यांनी शिक्षकांना दिले. त्यानंतर ते विघ्न टळले.

प्रार्थना सोडून अभ्यास करा, असे हा प्रसंग सांगत नाही. ज्या वेळी देवाने जे कर्तव्य नेमून दिले आहे त्या वेळी ते करणे हीच भक्ती, हा त्याचा आशय आहे. परीक्षेच्या दिवसांत पुस्तक मिटून ठेवणारा विद्यार्थी, घरातल्या आजाऱ्याकडे दुर्लक्ष करून प्रार्थनासभांना हजेरी लावणारा भाविक, या सर्वांसाठी या प्रसंगात बोध आहे.

पुढे आल्काला आणि सालामांका येथील विद्यापीठांत ते गेले. तेथे ते लोकांना प्रार्थना आणि सदाचार शिकवू लागले. पदवी नसलेला, साध्या वेशातला माणूस धर्मशिक्षण देतो म्हटल्यावर अधिकाऱ्यांना शंका आली. आल्काला येथे त्यांना बेचाळीस दिवस आणि सालामांका येथे बावीस दिवस तुरुंगात काढावे लागले. सालामांका येथे एके रात्री इतर कैदी तुरुंग फोडून पळाले. इनिगो आणि त्यांचे सोबती मात्र उघड्या दरवाज्याआड जागच्या जागी राहिले. चौकशीत त्यांच्या शिकवणुकीत दोष आढळला नाही. परंतु पुरेसे ईशज्ञान शिकल्याखेरीज काही गहन विषयांवर त्यांनी निर्णय सांगू नये असे बंधन घालण्यात आले. त्या निकालाविषयी ते समाधानी नव्हते. तरी त्या क्षेत्रात असेपर्यंत तो पाळण्याचे त्यांनी मान्य केले आणि अधिक शिक्षणासाठी पॅरिसची वाट धरली.

पॅरिस : शिष्य गुरू होतो

२ फेब्रुवारी १५२८ रोजी ते पायी पॅरिसला पोहोचले. आपला पाया कच्चा आहे हे ओळखून त्यांनी मॉन्तेग्यू महाविद्यालयात लहान मुलांबरोबर पुन्हा व्याकरणापासूनच सुरुवात केली. एका देशबांधवाकडे ठेवायला दिलेले पैसे त्याने उडवले, म्हणून इनिगो यांना धर्मशाळेत राहून भिक्षा मागावी लागली. पुढे तोच माणूस रुआं या शहरी आजारी पडल्याचे कळले, तेव्हा ते अनवाणी आणि उपाशी चालत त्याच्या मदतीला गेले. दरवर्षी सुटीत ते फ्लँडर्सला आणि एकदा लंडनलाही जाऊन वर्षाच्या खर्चाची तजवीज करीत. १५३५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांना मास्टर ऑफ आर्ट्सचे पदवीपत्र मिळाले. इग्नेशियस हे नाव ते याच काळात वापरू लागले.

सेंट बार्ब महाविद्यालयात त्यांना दोन सहनिवासी लाभले. एक सव्हॉयचा मेंढपाळाचा मुलगा पीटर फेबर, दुसरा नाव्हारचा उमदा, महत्त्वाकांक्षी तरुण फ्रान्सिस झेवियर. फेबर इग्नेशियसना तत्त्वज्ञानाचे पाठ समजावून सांगत आणि इग्नेशियस फेबर यांना आत्म्याच्या वाटा दाखवीत. फेबर यांनाही पापशंकांनी घेरले होते. त्या अंधारातून स्वतः गेलेला माणूसच त्यांना सोबत करू शकत होता. इग्नेशियस यांनी घाई केली नाही. जवळजवळ चार वर्षे त्यांनी फेबर यांना धीराने घडवले, नियमित पापनिवेदन आणि दैनंदिन आत्मपरीक्षणाची सवय लावली आणि त्यानंतरच त्यांना पूर्ण आध्यात्मिक साधना दिली. झेवियर यांचे मन वळायला तर आणखी अवधी लागला. त्यांच्या बाबतीतही इग्नेशियस यांनी मैत्री आणि साहाय्य यांचीच कास धरली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवरील चॅपेलमध्ये सात सोबत्यांनी व्रते घेतली. त्या वेळी त्यांच्यातील एकमेव धर्मगुरू असलेल्या फेबर यांनी मिस्सा अर्पण केला. त्याच फेबर यांना २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी संत म्हणून घोषित केले.

आध्यात्मिक साधनेतील शहाणपण

मानरेसा येथे लिहायला घेतलेली इग्नेशियस यांची टिपणे पुढे आध्यात्मिक साधना या लहानशा ग्रंथात परिणत झाली. १५४८ साली परमगुरू तिसरे पॉल यांनी त्या ग्रंथाला मान्यता दिली. हा ग्रंथ नुसता वाचण्यासाठी नसून मार्गदर्शकाच्या साहाय्याने सुमारे तीस दिवसांत करावयाच्या साधनेसाठी आहे. स्वतःच्या जखमांतून लाभलेले ज्ञान त्यात ठायी ठायी दिसते.

देहदंडाचे माप त्यात घालून दिले आहे : शरीराला त्रास व्हावा, पण आजार होऊ नये. अनावश्यक ते सोडणे याला ते मिताहार म्हणतात. आवश्यक त्यातलेही थोडे सोडणे म्हणजे प्रायश्चित्त, परंतु तेही प्रकृती बिघडणार नाही इतकेच. मन उदास आणि कोरडे असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये, असा त्यांचा नियम आहे. सैतानाला गुप्तता आवडते, म्हणून मनातील मोह सुज्ञ पापनिवेदकाला किंवा जाणत्या आध्यात्मिक व्यक्तीला उघड करून सांगावा, असाही त्यांचा उपदेश आहे. मनातले भगदाड मनातच ठेवले असते तर काय झाले असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मार्गदर्शकालाही त्यांनी शिस्त लावली आहे. साधकाला स्वतःच्या आवडीच्या मार्गाकडे त्याने ढकलू नये. तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये राहावे आणि देवाला त्या आत्म्याशी सरळ बोलू द्यावे. साधकाचे वय, शिक्षण आणि कुवत पाहून साधना द्यावी; ज्याला कामधंद्यातून सवड नाही त्याला रोज दीड तासाची साधना देता येते. आत्मपरीक्षणाची त्यांची पद्धत तर व्यापाऱ्याच्या वहीसारखी आहे. एक दोष निवडावा, सकाळी उठताच त्याचे स्मरण ठेवावे, दिवसातून दोनदा हिशेब करून वहीतील रेघेवर खुणा कराव्यात आणि कालच्याशी आजची तुलना करावी. अमुक दिवसांत संत व्हा, असे ती सांगत नाही. काल दहा वेळा रागावलात, तर आज नऊ वेळा व्हावे, एवढीच तिची अपेक्षा.

रोममधील दिवस

२७ सप्टेंबर १५४० रोजी येशूसंघाला परमगुरूंची मान्यता मिळाली. पुढच्या वर्षी सोबत्यांनी एकमताने इग्नेशियस यांना प्रमुख निवडले, तेव्हा त्यांनी नकार दिला. दुसऱ्यांदा निवड झाली तरी ते राजी होईनात. अखेर ते आपल्या फ्रान्सिस्कन पापनिवेदकाकडे गेले, तीन दिवस त्यांच्यापाशी राहून सर्व आयुष्य त्यांच्यापुढे मांडले आणि त्यांनी सांगितल्यावरच ते पद स्वीकारले. संघप्रमुख होण्याचा त्यांचा निर्णयही असा दुसऱ्याच्या तोंडून आलेला होता.

पुढची पंधरा वर्षे त्यांनी रोममध्ये एका साध्या खोलीत काढली. तेथून त्यांनी सुमारे सात हजार पत्रे लिहिली अथवा लिहवली. त्यातील कितीतरी पत्रांत अतिउत्साहाला लगाम घातलेला दिसतो. पोर्तुगालमधील कुइंब्रा येथील तरुण येशूसंघीय अवाजवी तपश्चर्या करू लागले, तेव्हा १५४७ साली त्यांनी त्यांच्या उत्साहाचे कौतुक करून विवेकाची आवश्यकता पटवून दिली. गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा यांना १५४८ साली त्यांनी प्रार्थनेचा आणि देहदंडाचा वेळ निम्म्यावर आणण्यास, उरलेला वेळ अभ्यासाला आणि कारभाराला देण्यास आणि नीट जेवण्यास सांगितले. शरीरही देवाचेच असल्याने त्याचा हिशेब द्यावा लागेल, हा त्यामागचा विचार होता. बोर्जा पुढे येशूसंघाचे तिसरे प्रमुख आणि संत झाले.

शिकवणीचे महत्त्व जाणणाऱ्या या पुरुषाने १५५१ साली रोममध्ये व्याकरण, साहित्य आणि ख्रिस्ती तत्त्वे विनामूल्य शिकवणारी शाळा उघडली. तीच पुढे ग्रेगोरियन विद्यापीठ म्हणून जगप्रसिद्ध झाली.

या शिस्तीची आणि शिक्षणाची फळे आपल्या भूमीलाही लाभली. हिंदुस्थानसाठी नेमलेला सोबती आजारी पडल्याने इग्नेशियस यांनी झेवियर यांना विचारले आणि ते विनाविलंब निघाले. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यास पोहोचले. पुढे वसईलाही त्यांचे पाय लागले. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या चर्चचे भग्नावशेष आजही त्या काळाची साक्ष देतात. सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून झेवियर त्या गळ्याशी बाळगीत आणि इग्नेशियस यांना गुडघे टेकून पत्र लिहीत. १५५३ सालच्या जूनमध्ये इग्नेशियस यांनी त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. त्यांना कल्पना नव्हती की त्यांचा हा लाडका मित्र चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीच प्रभूच्या घरी गेला होता. याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, येथील भाषा शिष्यभावाने शिकले आणि १६१६ साली छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणाने त्यांनी मराठीला समृद्ध केले.

३१ जुलै १५५६ रोजी पहाटे इग्नेशियस यांनी देह ठेवला. आदल्या दिवशी त्यांनी आपल्या सचिवांना परमगुरूंचा आशीर्वाद मागायला जाण्यास सांगितले होते. सचिवांना पत्रांची टपाल गाठायची होती. उद्या गेले तर चालेल का, असे त्यांनी विचारले. इग्नेशियस यांनी आग्रह धरला नाही. योग्य वाटेल ते करा, असे सांगून निर्णय त्यांच्यावर सोपवला. आज्ञा देण्याचा अधिकार हाती असताना त्यांनी मृत्यूच्या दारातही आपली इच्छा बाजूला ठेवली. त्या वेळी येशूसंघीयांची संख्या सुमारे एक हजार झाली होती. १२ मार्च १६२२ रोजी झेवियर यांच्याबरोबरच त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

आपल्यासाठी बोध

आपल्या धर्मग्रामांत उपवासकाळ आला की आपण उत्साहाने नियम करतो : मांसाहार बंद, मद्य बंद, रोजची मिस्सा, क्रूसाची वाट. हे सर्व स्तुत्य आहे. पण ईस्टर उलटताच त्यातले किती टिकते? आणि त्या चाळीस दिवसांत आपला स्वभाव घरच्यांना सुसह्य झाला की अधिक त्रासदायक, हे आपण कधी कोणाला विचारतो का? इग्नेशियस यांच्या जीवनावरून असे दिसते की आपण स्वतः निवडलेल्या कठोर नियमापेक्षा, जाणत्या व्यक्तीच्या सल्ल्याने घेतलेला आणि दररोज तपासलेला लहानसा नियम अधिक फलदायी ठरतो. प्रायश्चित्त संस्कारासाठी शक्यतो एकाच धर्मगुरूंकडे नियमाने जावे, झोपण्यापूर्वी दहा मिनिटे दिवसाचा हिशेब करावा आणि एका वेळी एकच दोष हाती घ्यावा, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

ज्यांच्यावर शिकवण्याची जबाबदारी आहे त्यांनी, म्हणजे आईवडिलांनी, धर्मशिक्षकांनी आणि धर्मगुरूंनी, फेबर यांच्यासाठी दिलेली ती चार वर्षे आठवावीत. मुलांना शिस्त लावताना आपण घाई करतो, धाक दाखवतो आणि इतरांशी तुलना करतो. शिस्त ही मुलाची कुवत पाहून, धीराने आणि सोबत राहून द्यायची असते. ज्याने स्वतः कधी कोणाचे ऐकले नाही त्याच्या शब्दाला मुलांच्या मनात वजन येत नाही.

आणि ज्यांच्या मनात आज अंधार आहे, आपण क्षमेला पात्र नाही असे ज्यांना सतत वाटते, जगणे नकोसे वाटते, त्यांना आम्ही कळकळीने सांगू इच्छितो की या थोर संताच्याही वाट्याला तो अंधार आला होता. त्यांनी तो एकट्याने गिळला नाही. दुसऱ्यापुढे तोंड उघडले. आपणही विश्वासू धर्मगुरू, घरातले जाणते माणूस किंवा डॉक्टर यांच्यापाशी मन मोकळे करावे. त्यात कमीपणा नाही. आणि आपल्या शेजारी असे कोणी असेल तर त्याला उपदेश करण्यापूर्वी त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे.

तेहतिसाव्या वर्षी मुलांच्या वर्गात जाऊन बसलेल्या या संताच्या मध्यस्थीने प्रभू येशू आपल्याला संयमाचे बळ देवो, तो संयम योग्य वाटेने नेणारे मार्गदर्शक देवो आणि त्यांचे ऐकण्याची नम्रताही देवो, अशी आपण प्रार्थना करू या.